द्रुतगती मार्गाचे दहा पदर: गर्दी कुठे सुटेल, कुठे अडेल?

रानवाटा
नमस्कार मंडळी.
मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सहाऐवजी दहा पदरी करण्याचा प्रस्ताव रस्ते विकास महामंडळाने पुढे आणला आहे. आधी आठ पदरांचं बोलणं होतं, आता थेट दहा. कळंबोली ते किवळे ९४.५ किमीचा हा रस्ता २००२ पासून पूर्ण लांबीत वापरात आहे. शनिवारी सकाळी पुण्याकडे आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे काय होतं ते इथे कुणाला सांगायला नको.

रस्ता बांधणारी, ट्रक चालवणारी आणि रोज ये-जा करणारी अशी सगळीच मंडळी इथे आहेत, म्हणून विचारतो. पदर वाढवल्याने नेमकी कुठली गाठ सुटते? कुठली तशीच राहते? आणि काम चालू असताना वाहतूक कशी निभवायची? नुसतं "होऊ दे" किंवा "नको" लिहू नका, कारण लिहा. टोलच्या राजकारणासाठी वेगळा धागा आहे.

चौथा_गिअर
उजव्या पदरात ताशी साठने निवांत जाणारी कार आहे तोवर दहा काय, वीस पदर करा. आधी शिस्त, मग सिमेंट.

मोजपट्टी
@चौथा_गिअर, शिस्तीचा मुद्दा खरा आहे, पण सगळं खापर तिच्यावर फोडता येत नाही. खाली घेतलेले आकडे मोजणीचे नाहीत, हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

दोन गाड्यांत १.८ सेकंदांचं अंतर धरलं तर एका पदरातून तासाला २,००० कार जातात. तीन पदरांच्या ६,०००. आता डाव्या पदरात एक ट्रक बंद पडला. एक पदर गेला म्हणजे दोन-तृतीयांश क्षमता उरावी असं वाटतं. तसं होत नाही. लोक आयत्या वेळी पदर बदलतात, बघायला म्हणून हळू होतात, मागचे ब्रेक मारतात. अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलमध्ये तीनपैकी एक पदर अडला तर उरणारी क्षमता ०.४९ दिली आहे, म्हणजे निम्मीसुद्धा नाही. चारांत एक अडला तर ०.५८, पाचांत एक अडला तर ०.६५.

ट्रक बाजूला घ्यायला एक तास लागला असं धरू. तेवढा वेळ क्षमता सुमारे ३,०००. मंगळवारी दुपारी तासाला ४,५०० गाड्या येत असतील तर १,५०० तुंबतात, आणि ट्रक हलल्यावर पुढच्या तासाभरात रस्ता मोकळा होतो. शनिवारी ५,५०० येत असतील तर २,५०० तुंबतात, आणि नंतर दर तासाला फक्त ५०० कमी होतात. म्हणजे पाच तास! ट्रक तोच, अडलेला तासही तोच. त्या २,५०० गाड्यांना प्रत्येकी आठ मीटर धरले तर तीन पदरांत साडेसहा किमीच्या पुढे रांग जाते.

हाच ट्रक पाच पदरांत बंद पडला तर उरलेली क्षमता ६,५००. शनिवारच्या ५,५०० गाड्या त्यातून निघून जातात, रांग लागतच नाही. म्हणून मी दहा पदरांच्या बाजूने आहे. रोजच्या वाहतुकीसाठी ते जास्त वाटतील, पण गरज आहे ती अडचणीच्या तासासाठी.

शुभदा_क
मोजपट्टी, मांडणी आवडली. पण हिशेब फक्त कारचा आहे. घाटात ट्रकचं काय? आणि रस्ता मोकळा झाला की आज रेल्वेने किंवा आडवेळेला जाणारे लोकही त्याच वेळेला गाडी काढतील. तुमचे ५,५०० मग ५,५०० राहणार नाहीत.

बारा_चाकी
घाटातल्या ट्रकचं मी लिहितो. लोकांना वाटतं ड्रायव्हर मुद्दाम रेंगाळतो. तसं नाही, तो इंजिनाच्या ताकदीपुढे काही करू शकत नाही.

भरलेली गाडी ४० टन, चढ ५ टक्के धरा. चढावर वजन मागे ओढतं ते सुमारे १९.६ किलोन्यूटन. चाकांचा रोध ०.७ टक्के धरला तर आणखी २.७. एकूण २२ च्या वर. २०० हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे १४९ किलोवॅट, त्यातून गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमधली घट वजा केली की चाकापर्यंत १२७ पोचतात. भागाकार करा: सेकंदाला ५.७ मीटर, म्हणजे ताशी २० किमी. अॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी एवढंच. ३०० हॉर्सपॉवरची नवी गाडी असेल तर तीसच्या आसपास.

आता ताशी चोवीसने चढणाऱ्या गाडीने वीसच्या गाडीला मागे टाकायला घेतलं. दोन्ही गाड्यांची लांबी आणि पुढचं-मागचं अंतर धरून ५० मीटर जास्त कापायचे, तेही ताशी चारच्या फरकाने. पाऊण मिनिट लागतं, ३०० मीटर रस्ता लागतो. तेवढा वेळ मधला पदर बंद. सगळ्या कार उजव्या पदरात शिरतात आणि मागे लाल दिव्यांची माळ लागते. म्हणून चढावर अवजड गाड्यांना ओव्हरटेक करू न देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तो ट्रकवाल्यांच्याही फायद्याचा आहे, कारण चढावर एकदा गाडी थांबली की भरल्या वजनाने पुन्हा उचलताना क्लचप्लेट जळते.

उतारावरचं दुखणं वेगळं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात, ड्रम गरम होऊन फुगतो, पुशरॉडला जास्त लांब जावं लागतं आणि एका क्षणी पायाखाली ब्रेक असूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनालाच गाडी धरायला लावणारा) चालू ठेवायचा आणि पायाचा ब्रेक सतत दाबून न धरता थोडा वेळ जोरात दाबून सोडायचा. रस्ता कितीही रुंद करा, उतारावर ब्रेक गेलेली गाडी शिरून थांबावी म्हणून वाळू-खडीचे सुटका-रॅम्प आणि घाटमाथ्यावर ब्रेक तपासायला थांबण्याची जागा नसेल तर अपघात तसेच राहतील.

चौथा_गिअर
बारा_चाकी, हे वाचल्यावर पुढच्या ट्रकमागे हॉर्न वाजवणार नाही. शब्द दिला.

रानवाटा
फार छान माहिती. पण घाटात दहा पदर बसणार कुठे? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.

मोजपट्टी
तिथेच खरी गंमत आहे. घाटात गर्दी का होते ते आधी बघा. सहा पदरी द्रुतगती मार्ग आणि चार पदरी जुना महामार्ग, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८, आडोशी बोगद्याजवळ एकत्र येतात आणि खंडाळा एक्झिटला सुटतात. दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत कोंबली जाते, तीही चढावर. आपण जिला "घाटातली गर्दी" म्हणतो ती मुख्यतः या गळ्याची गर्दी.

मिसिंग लिंक, म्हणजे हा घाट टाळून जाणारा नवा रस्ता, त्यासाठीच आखली आहे. खोपोली एक्झिट ते कुसगाव १३.३ किमी, जुन्या वाटेपेक्षा साधारण ६ किमी कमी. त्यात सुमारे १.७५ आणि ८.९ किमीचे दोन बोगदे, मध्ये दरीवर केबल-स्टेड पूल, आणि दर दिशेला चार पदर. खालापूर टोलनाका ते खोपोली एक्झिट हा सुमारे ६ किमीचा तुकडा आठ पदरी करण्याचं कामही त्याच प्रकल्पातलं.

बेरीज करा. मिसिंग लिंकचे आठ आणि जुन्या घाटरस्त्याचे सहा, मिळून चौदा. रुंदीकरणानंतर घाटाशी येणारे द्रुतगती मार्गाचे दहा आणि जुन्या महामार्गाचे चार, म्हणजेही चौदा. तेव्हा घाट फोडून तिथे दहा पदर करायची गरजच उरत नाही. प्रश्न घाटाच्या अलीकडचा आणि पलीकडचा आहे: कळंबोली ते खालापूर आणि कुसगाव ते किवळे.

बारा_चाकी
बेरीज बरोबर, पण एक ध्यानात ठेवा. उंची तीच चढायची आहे आणि अंतर कमी झालंय. भरलेली गाडी मिसिंग लिंकवरही हळूच चढणार. तिथे ट्रकला कुठला पदर द्यायचा आणि धोकादायक माल वाहणाऱ्या टँकरना लांब बोगद्यात सोडायचं की जुन्या घाटाने पाठवायचं, हे पाटीवर दोन-तीन किमी आधी आणि मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं पाहिजे. ऐन फाट्यावर समजलं तर गाडी तिथेच उभी राहते.

काळा_पाषाण
मोजपट्टी म्हणतात त्या दोन सपाट तुकड्यांतही बोगदे आहेत, ते विसरू नका. खाली भाताण आणि माडप, वर कामशेत. एका दिशेच्या नळीत तीन पदर. रस्त्याला पाच पदर केले आणि बोगदा तीनचाच ठेवला तर ते नरसाळं झालं.

चालू बोगदा आतून रुंद करता येत नाही. त्यासाठी वाहतूक बंद ठेवून आतलं काँक्रीटचं अस्तर काढावं लागेल. म्हणजे शेजारी नवी नळी खणायची. दोन नळ्यांमध्ये निदान एका बोगद्याच्या रुंदीइतका खडक शाबूत ठेवावा लागतो, त्यामुळे नवी नळी रस्त्यापासून बरीच बाजूला जाते आणि तिच्या दोन्ही तोंडांना वळणाचे जोडरस्ते लागतात. शेजारी गाड्या धावत असताना सुरुंग लावायचे तर एका वेळी कमी दारू, टप्प्याटप्प्याने स्फोट, आणि जुन्या अस्तरावर कंपन मोजणारी यंत्रं. वेग आपोआप कमी होतो. कामाचं वेळापत्रक रस्त्यावर नव्हे, या नळ्यांवर ठरेल.

दुसरं, कडे. आपला बेसाल्ट एकसंध नाही, थरांचा आहे. दोन लाव्हा थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबडी मातकट पट्टी असते. पावसाचं पाणी वरच्या थराच्या उभ्या भेगांतून उतरतं आणि त्या पट्टीवर अडतं. पट्टी भिजून मऊ होते, बाहेर वाहून जाते, वरचा कठीण खडक अधांतरी राहतो आणि एके दिवशी सुटतो. आडोशीला जुलै २०१५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२३ मध्ये दरड आली होती. नुसती लोखंडी जाळी टाकून भागत नाही. जाळी सुटे दगड धरते, मोठा ठोकळा नाही. सैल दगड आधी हाताने आणि पहारीने पाडायचे, मग खडकात तीन ते सहा मीटर खोल बोल्ट सिमेंटमध्ये बसवायचे, जाळीवर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, मारायचं, आणि त्यातून पाणी बाहेर पडायला भोकं ठेवायची. भोकं ठेवली नाहीत तर पाणी शॉटक्रीटच्या मागे साठतं आणि सगळं कवच एकदम खाली येतं. रुंदीकरणासाठी कड्याचा पायथा कापणार असाल तर हे काम वरून खाली करत यायचं. आधी पायथा कापून मग वर चढायचं नाही.

मोजपट्टी
काळा_पाषाण यांच्या मुद्द्याला जोड. नव्या नळीत किती पदर ठेवायचे हे फार महत्त्वाचं आहे. पाच हवेत, तीन आहेत, म्हणून दोन पदरांची नळी खणायची असा विचार होऊ शकतो. कागदावर स्वस्त दिसेल. पण त्याच मॅन्युअलमध्ये दोनपैकी एक पदर अडला तर उरणारी क्षमता ०.३५ आहे. त्या नळीत एक गाडी बंद पडली की तासाला १,४०० गाड्यांवर आलात. शिवाय बोगद्याआधी पाच पदर तीन-दोन असे फुटणार, लोक शेवटच्या क्षणी इकडून तिकडे येणार. मिसिंग लिंकच्या नळ्या चार पदरी, २३ मीटरच्या आसपास रुंद आहेत. इथेही नवी नळी चार पदरीच हवी. एक पदर जास्त राहील, तो बंद गाड्या ओढून काढायला कामी येईल.

सिमेंटवाला
आता मोकळ्या रस्त्याचं लिहितो, कारण "बाजूला दोन पदर ओतले की झालं" असं बऱ्याच जणांना वाटतं.

नवे पदर बसणार ते आजच्या शोल्डरच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्टीच्या जागेवर. शोल्डरखालचे थर ट्रकसाठी बांधलेले नसतात, ते उकरून काढावे लागतात. आणि ट्रक चालणार सगळ्यात डावीकडे, म्हणजे नेमके या नव्या भागावर. जिथे रस्ता भरावावर आहे तिथे जुन्या भरावाच्या उताराला सरळ नवी माती टेकवायची नाही. पायऱ्या कापायच्या, प्रत्येक किमान ३०० मिमी रुंद, आणि २०० मिमीच्या थरांनी दाबत वर यायचं. कडेला रोलर पोचत नाही म्हणून काठ सैल राहतो. यासाठी भराव थोडा जास्त रुंद घालून नंतर कापतात. हे टाळलं की दोन पावसाळ्यांत नवा पदर बसतो आणि जुन्या-नव्याच्या मध्ये लांबच लांब पायरी पडते. शंभरच्या वेगाने पदर बदलताना ती स्टिअरिंगला झटका देते.

थर असे: दाबलेल्या मातीवर पाणी निचरणारा खडीचा थर, त्यावर १५० मिमी कोरडं, कमी सिमेंटचं काँक्रीट, त्यावर १२५ मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, आणि मग एम-४० दर्जाच्या काँक्रीटची मुख्य लादी, सुमारे ३०० मिमी जाड. आडवे सांधे ४.५ मीटरवर, त्यात ३२ ते ३८ मिमीच्या गुळगुळीत डॉवेल सळ्या. त्या एका लादीचा भार दुसरीवर नेतात, पण लादी आकसली तर तिला सरकू देतात. डॉवेल तिरका बसला तर सांधा अडकतो आणि लादी भलत्याच जागी तडकते. जुन्या लादीला नवी जोडताना मात्र खाचांची टाय सळी लागते: जुन्या लादीच्या कडेला मधोमध भोक पाडायचं, धूळ हवेने पूर्ण काढायची, इपॉक्सी भरायचं, सळी फिरवत आत घालायची. धूळ राहिली तर सळी हाताने निघते. नवे आडवे सांधे जुन्यांच्या अगदी रेषेत यायला हवेत, नाहीतर जुना सांधा नव्या लादीत तडा काढतो.

लादी ओतल्यावर सांधा कापायची वेळ हातची घालवू नये. साधारण ६ ते १८ तासांच्या दरम्यान, उन्हाळ्यात लवकर. आधी कापलं तर कडा फुटतात. उशीर झाला तर लादी स्वतःची जागा निवडून तडकते. १४ दिवस ओली गोणपाटं, २८ दिवस वाहतूक नाही.

आणि पाणी. तीन पदरांचं पाणी ११.२५ मीटर वाहून कडेला जायचं, आता १८.७५ मीटर वाहणार. बाहेरच्या पदरावर पाण्याचा थर जाड होतो. उताराची पातळी नव्याने काढली नाही तर मावळच्या पावसात डावे दोन पदर कामाचे राहणार नाहीत.

शुभदा_क
सिमेंटवाला, म्हणजे काम चालू असताना शोल्डर नाहीच. मग मोजपट्टींचा बंद पडलेला ट्रक जाणार कुठे? आज तो निदान कडेला घेता येतो.

सिमेंटवाला
हाच सगळ्यात मोठा धोका आहे. उपाय असा की सलग वीस किमी उकरायचे नाहीत. दोन-तीन किमीचा तुकडा, एकाच बाजूचा. त्या तुकड्याच्या मध्ये आणि शेवटी गाडी घ्यायला कच्ची पण दाबलेली जागा. काँक्रीटचे अडथळे एकमेकांना पिनने जोडलेले, नुसते प्लास्टिकचे ड्रम नाहीत. आणि क्रेन तळावर न ठेवता तुकड्याच्या सुरुवातीला उभी. एका तासाचे वीस मिनिटं झाले तर शनिवारची रांग किती कमी होते ते मोजपट्टींनी सांगावं.

मोजपट्टी
वीस मिनिटांत २,५०० ऐवजी साधारण ८३० तुंबतात. पाच तासांऐवजी पावणेदोन तासांच्या आत मोकळं. क्रेनचा खर्च पदराच्या खर्चापुढे काहीच नाही.

रूळावरून
धाग्याचा विषय रस्ता आहे तरी लिहितो. कर्जत–लोणावळा घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १, अजूनही मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. तिथे कमी चढाच्या जादा मार्गिका झाल्या तर शनिवारचा काही भार आणि कंटेनर दोन्ही रुळावर येतील. शुभदाताईंच्या "नवे लोक गाडी काढतील" या मुद्द्याला हेच उत्तर आहे.

तळेगावकर
दोन्ही टोकांबद्दल कुणीच बोललं नाही. वरून पाच पदर किवळ्याला आले की पुढे देहूरोड बायपास, वाकड, हिंजवडी. तिथे आजच संध्याकाळी गाडी पायी चालल्यासारखी चालते. खाली कळंबोलीला तेच. पाच पदरांची वाहतूक तिथे लवकर पोचेल आणि लवकर अडेल.

शुभदा_क
खालच्या टोकाला निदान वाटा फुटताहेत. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, तिथून पळस्प्याकडे जोडरस्ता आखलेला आहे. आणि मार्च २०२५ मध्ये केंद्राने जेएनपीए बंदराजवळच्या पागोटे ते चौक या २९.२ किमीच्या सहा पदरी रस्त्याला मंजुरी दिली. तो झाला की बंदराचे कंटेनर पळस्पे, कळंबोली टाळून थेट चौकला येतील. पनवेलकरांना मोठा दिलासा. पण बघा, चौक म्हणजे घाटाचा पायथा. कळंबोलीपासून चौकपर्यंत ट्रक कमी होतील आणि चौकच्या पुढे आहेत तितकेच राहतील.

बारा_चाकी
अगदी बरोबर. म्हणून चौक ते खालापूर या पट्ट्यात ट्रक तळ हवा. पाण्याची सोय, संडास, हवा भरायची जागा, ब्रेक बघणारा मिस्त्री. शनिवारी सकाळी घाट तुंबला की गाड्या तिथे थांबवून टप्प्याने सोडता येतील. आज थांबायला जागाच नाही, मग शोल्डरवर रांगा लागतात आणि पोलिस ड्रायव्हरलाच दंड करतात.

रानवाटा
मंडळी, मूळ प्रश्नाकडे येतो. मी सूचना लिहून पाठवणार आहे. या चर्चेवरून क्रम असा दिसतो: भाताण, माडप, कामशेतच्या चार पदरी नळ्या आधी सुरू करायच्या, त्याच वेळी चौकजवळ ट्रक तळ आणि घाटात सुटका-रॅम्प. मग मोकळ्या रस्त्याचं रुंदीकरण लहान तुकड्यांत. किवळ्यापुढचं काम वेगळ्या यंत्रणेचं असलं तरी तारखा जुळवून मागायच्या. काही सुटलंय?

काळा_पाषाण
कड्यांचं काम पावसाळ्याआधी पुरं झालंच पाहिजे, अर्धवट कापलेला कडा जूनमध्ये उघडा ठेवायचा नाही, ही अट निविदेतच घाला. नंतर पत्राने सांगून ठेकेदार ऐकत नाही.

सिमेंटवाला
रुंदीकरण सुरू व्हायच्या आधी जुन्या लाद्यांची पाहणी मागा. तडकलेली लादी तशीच ठेवून तिला नवी जोडली तर दोन्ही जातील. आणि निचऱ्याचा आराखडा वेगळा जोडायला सांगा.

चौथा_गिअर
उजवा पदर फक्त ओव्हरटेकसाठी, हे कॅमेऱ्याने तपासा असंही लिहा. वेग पकडणारे कॅमेरे २०२४ पासून आहेतच, तेच हळू जाऊन उजवा पदर अडवणाराही टिपू शकतात.

रानवाटा
घेतलं. मसुदा उद्या रात्री इथेच टाकतो. मोजपट्टी, रांगेचा तक्ता जोडायला चालेल ना?

मोजपट्टी
चालेल. फक्त वर स्पष्ट लिहा की आकडे उदाहरणादाखल आहेत, आणि खालापूर व तळेगाव टोलनाक्यांची तासवार मोजणी त्यांच्याकडूनच मागा. फास्टॅगमुळे ती दर मिनिटाची तयार असते.